चढाईपटूचा भाव आणि मंडळाचा वाटा

प्रो कबड्डीच्या २०१४ सालच्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली. ती १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. नऊ वर्षांत भाव वीसपट झाला, परंतु कबड्डीपटू काही वीसपट गुणवान झाले नाहीत. श्रमाची मागणी ही व्युत्पन्न मागणी असते, हे आम्ही वर्गात शिकवतो. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक वाढला की चढाईचे मोलही वाढते.

तरुण खेळाडूचे मोल ठरवणे मात्र याहून अवघड आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांत घेतले. त्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि पुढच्याच वर्षी त्याची किंमत १ कोटी ४५ लाखांवर गेली. बोली लावणारा पाहतो गतवर्षीचे गुण आणि पैसे मोजतो येत्या वर्षाचे! शिवाय लिलावात जिंकतो तो बहुधा सर्वांत आशावादी मनुष्य. म्हणजे खरे मोल ओलांडून जाण्याचा धोका त्यालाच अधिक. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने पवनवर २ कोटी २६ लाख लावले; पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि अख्खा हंगाम बुडाला. भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली सुरू झाले. तिथल्या जनित्राचा घसारा कारकुनाला वर्षावर्षाने मांडता येतो. गुडघ्याच्या घसाऱ्याचे कोष्टक अद्याप कोणी केलेले नाही.

नवोदितांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना संघ लिलावाबाहेर, ठरीव मोबदल्यावर घेतात आणि पुढील हंगामांसाठी राखूनही ठेवू शकतात. अस्लम इनामदार व मोहित गोयत हे पुणेरी पलटणने असेच घडवलेले खेळाडू. अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणने मार्च २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले. अशा मुलाचे कर्तृत्व आणि त्याचा मोबदला यांतील तफावत संघमालकाच्या पदरात पडते. यात अन्यायच आहे असे मी म्हणणार नाही. न चमकलेल्या दहा मुलांचा खर्चही तोच मालक सोसतो.

पण त्याआधीचा खर्च कोण सोसतो? कर्जत-खालापूरच्या गावांतील मंडळे वर्गणी काढून मैदान आखतात, संध्याकाळी मुलांकडून पकडी घोटून घेतात. चांगला खेळाडू पूर्वी रेल्वेत, बँकेत वा पोलिसांत लागे. निवृत्तिवेतनासह मिळणारी ती नोकरी हीच त्याची किंमत असे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आजही आहे, आणि एका हंगामाच्या बोलीसाठी पदवी अर्धवट सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तेही हिशेबात धरावे.

मंडळाला मात्र दोन्हीकडून काहीच मिळत नाही. फुटबॉलमध्ये मुदतीपूर्वी खेळाडूचा संघ बदलला, तर त्या रकमेतील ५ टक्क्यांपर्यंत वाटा त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटावा, असा जागतिक संघटनेचा नियम आहे. कबड्डीच्या लिलावातही असाच वाटा काढावा. १ कोटी ४५ लाखांचे ५ टक्के म्हणजे ७ लाख २५ हजार. एवढ्या रकमेत एखाद्या मंडळाची मॅट येईल, आणि मातीवर वाढलेल्या मुलाला मॅटवरची पहिली चढाई निवड चाचणीच्या दिवशी करावी लागणार नाही.