पाहुण्याचे स्नान, गावाचे पाणी

मोटारीतच मुक्काम करून हेदवीचा दशभुज गणेश व बामणघळ पाहणाऱ्या प्रवाशापुढे सकाळी पहिला प्रश्न उभा राहतो, तो स्नानाचा. समुद्रात डुंबल्यावरही अंगावरचे मीठ धुण्यास गोडे पाणी लागतेच. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु सच्छिद्र जांभा तो धरून ठेवीत नाही आणि वैशाखात विहिरी तळ गाठतात. २०१९ च्या जलजीवन मोहिमेचे ग्रामीण उद्दिष्ट माणशी दररोज अवघे ५५ लिटर आहे. बादली-तांब्याने १५ लिटरांत स्नान उरकते. प्रवाशाने तेवढ्यावर भागवावे, साबणाचे पाणी विहिरीपासून दूर सांडावे. ग्रामपंचायतीने सशुल्क स्नानगृह उभारावे. फुकट पाण्याचीही किंमत असते. पाहुण्याने ती चुकविली, तर हंडा वाहणाऱ्या गृहिणीला ती मोजावी लागते.