फायटरच्या टाकीत कोळंबी सोडू नका

दहा-पंधरा लिटरच्या टाकीत फायटर मासा आणि चेरी श्रिम्प, म्हणजे गोड्या पाण्यातली ती बारकी लाल कोळंबी, खुशाल एकत्र ठेवा, असा सल्ला हल्ली फार ठामपणे दिला जातो. देणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कोळंबी शेवाळ खाते, उरलंसुरलं टिपते, त्यामुळे टाकी आपोआप स्वच्छ राहते. फायटर पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला, त्याला आता शिकारीशी काय देणंघेणं? आणि शेवटी सगळं ज्याच्या त्याच्या माशाच्या स्वभावावर. सोडून बघा, जमलं तर उत्तम, नाही तर माशाला दोन दिवस ताजं खाणं. हे शेवटचं वाक्य हसत हसत सांगितलं जातं, आणि माझं डोकं तिथेच फिरतं.

स्वच्छतेचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. कोळंबी माशाची विष्ठा खात नाही, पाण्यातला अमोनिया तिला काढता येत नाही. पाणी बिघडलं की सोसावं तिलाच लागतं.

माणसाळल्याचा मुद्दाही पोकळ आहे. थायलंडमध्ये या माशाची पैदास शेकडो वर्षं झाली ती झुंजीसाठी, नंतर रंगासाठी आणि लांब परांसाठी. कोळंबी समोर आली तर तोंड फिरवणारा मासा निवडून वाढवावा, असं कुठल्याही पैदासकाराच्या मनात कधी आलेलं नाही. रानात तो किडे, अळ्या, बारीक कवचधारी जीव यांवर जगतो. दुकानातल्या निळ्या-जांभळ्या फायटरचं तोंडही तसंच वर वळलेलं आणि भूकही तीच.

खरी पळवाट आहे ती स्वभावाची. ‘आमचा फायटर तिच्याकडे बघतसुद्धा नाही,’ हे वाक्य पुरावा म्हणून पुढे केलं जातं. तो बघत नाही, कारण ती त्याच्यापुढे येत नाही. फायटर असलेल्या लहान टाकीत कोळंबी लाकडाच्या फटीत, फिल्टरच्या मागे, मुळांच्या गुंत्यात दिवस काढते. एरवी हीच कोळंबी भरदिवसा पानावर येऊन बसते आणि पुढच्या इवल्या नख्यांनी एकेक कण उचलून सतत तोंडाकडे नेत राहते. तिचं ते काम बघण्यासाठी तर माणूस ती घरी आणतो. ती दिसेनाशी झाली की मालक म्हणतो, शांतता आहे. ही शांतता दहशतीची आहे, हे म्हणायची कुणाची तयारी नाही.

शिवाय कोळंबीला वाढायचं तर अंगावरचं कवच टाकावंच लागतं. डोकं आणि पाठ यांच्या सांध्यात ते फाटतं, ती एका झटक्यात बाहेर येते, आणि मागे मिशांसकट तिचं पारदर्शक सोंग पडून राहतं. नवं कवच घट्ट होईपर्यंत तिचं अंग मऊ असतं. महिनाभर तिच्याकडे न बघणाऱ्या तुमच्या सज्जन फायटरची परीक्षा त्या वेळी असते. तो आधी एका जागी थबकतो, दोन्ही डोळे पुढे रोखतो, अंगाला किंचित बाक देतो आणि मग झडप घालतो. पिल्लांची तर गोष्टच नको. चेरी श्रिम्पचं पिल्लू जन्मतः जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं. ते गेल्याचं मालकाला कळतही नाही, कारण ते जन्मल्याचंच त्याला कळलेलं नसतं. मोठी मेली, तरी उरलेल्या कोळंब्याच तिचं शरीर संपवून टाकतात. मग मालक पाण्यात डोकावतो, प्रेत दिसत नाही, आणि तो जाहीर करतो की जमतंय! शिकार गिळून टाकणाऱ्याविरुद्ध प्रेताचा पुरावा मागणारे हे लोक दुसऱ्यांना सल्ले देतात.

आणि हा स्वभाव बघायचा कुठे, तर दीड वीत लांबीच्या टाकीत. तिथे मासा एका गिरकीत सगळा मुलूख फिरून येतो. चुकार हल्ल्यानंतर पळून जायला दुसरं टोक असावं लागतं. ते इथे नाही. मासा गरीब की तापट, हा प्रश्न टाकीच्या लांबीपुढे दुय्यम आहे.

ही विचारसरणी जुनी आहे. फायटर म्हशीच्या खुराच्या डबक्यात राहतो, त्याला बरणी पुरते, हे याच गोटातून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. मध्य थायलंडची भातखाचरं आणि दलदली उथळ असतात, पण चिंचोळ्या नसतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की तो डबक्यात तगतो, कारण त्याच्या डोक्यात हवेतून श्वास घेणारं एक वेगळं इंद्रिय आहे. तगतो म्हणून त्याला ते मानवतं, असं धरून किती मासे बरणीत सडवले गेले! तेव्हा माशावर लादलेला तर्क आता कोळंबीवर लादला जातोय.

त्याच इंद्रियामुळे आणखी एक अडचण होते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लहान टाकीचं पाणी तिशीच्या पुढे जातं, त्यातला प्राणवायू घटतो. फायटर वर येऊन हवेचा घोट घेतो. कोळंबीकडे फक्त कल्ले. आणि माशाला रोग झाला, तांब्याचं औषध टाकलं, की कोळंबी संपलीच.

मग करावं काय? लहान टाकीत दोघांपैकी एकालाच ठेवावं. पंधरा लिटरमध्ये स्पंज फिल्टर, जावा मॉस आणि नुसती कोळंबी ही पूर्ण टाकी आहे. मादी तीन-चार आठवडे अंडी पोटाखाली धरून पोहण्याच्या पायांनी त्यांना वारा घालत राहते, आणि मग मॉसमध्ये हुबेहूब आईसारखी, टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं दिसू लागतात. एकट्या फायटरलाही तेवढी टाकी शोभते, थंडीत हिटर लावावा. दोघं हवेतच, तर साठेक लिटरची, दाट झाडांची टाकी घ्यावी, आधी काही महिने कोळंबीला वाढू द्यावं, मासा सगळ्यात शेवटी सोडावा, आणि त्याला हलवायची वेगळी टाकी तयार ठेवावी. तिथेही पिल्लं जातील, पण वसाहत टिकू शकेल. अमानो श्रिम्प आकाराने मोठी, म्हणून थोडी सुरक्षित. मात्र तिच्या अळ्यांना मचूळ पाणी लागतं, त्यामुळे घरच्या टाकीत ती वाढत नाही.

आणि विक्रेत्यांनी पिशवीला रबर लावण्याआधी गिऱ्हाइकाला दोन गोष्टी विचाराव्यात: टाकी किती लिटरची, आणि तिच्यात आधी कोण आहे? पंधरा लिटर आणि फायटर असं उत्तर आलं, तर कोळंबी विकू नये.