शेवटीं लागेल तें तळाशीं

मुरुड म्हटलें कीं परगांवचा मनुष्य जंजिऱ्याच्या किल्ल्याची चौकशी करितो. तें मुरुड रायगड जिल्ह्यांतलें, समुद्राच्या कुशींतलें. आमचें मुरुड लातूर जिल्ह्यांतलें. येथून समुद्र गांठावयाचा तर सह्याद्रि ओलांडावा लागतो. लातूर शहरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्याच जिल्ह्यांतील तरुण मुलेंमुली आतां सुटींत मालवण-तारकर्लीस जाऊन पाण्याच्या तळाशीं मासे व प्रवाळ पाहूं लागलीं आहेत. कांहीं तर ही विद्या रीतसर शिकून, स्वतःचें साहित्य घेऊन, नावेंतून बुडी मारावयास जातात. अशा वेळीं घरांतील वडील मंडळी एक तर साफ नको म्हणतात, नाहीं तर डोळे मिटून होकार देतात. या दोहोंमधला एक मार्ग आहे, आणि तो पिशवी भरण्यापासून सुरू होतो, असें आम्हांस वाटतें.

स्कूबा म्हणजे आपला श्वास आपल्या पाठीवर घेऊन पाण्याखालीं जाणें. १९४३ सालीं फ्रान्समध्यें जाक-इव्ह कूस्तो व एमिल गान्यां यांनीं मागणीप्रमाणें हवा सोडणारी झडप सिद्ध केली, तेव्हांपासून या विद्येस आजचें रूप आलें. पाठीवरील नेहमींच्या सिलिंडरांत सुमारें ११ लिटर जागा असते व तींत हवा सुमारें २०० बार दाबानें भरलेली असते. म्हणजे मोकळ्या हवेच्या हिशेबानें २,२०० लिटर. शांत मनुष्यास मिनिटास २० लिटर हवा लागते असें धरिलें, तर पाण्याच्या पृष्ठभागावर ती ११० मिनिटें पुरेल. परंतु दर १० मीटर खोलीस दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणून १० मीटरवर तीच हवा ५५ मिनिटांत आणि २० मीटरवर ३७ मिनिटांच्या आंतच संपते. शिवाय सुमारें ५० बार हवा वर येण्यासाठीं व अडचणीसाठीं राखावयाची असते, ती यांतून वजा.

हा हिशेब शांत मनुष्याचा झाला. घाबऱ्या मनुष्याचा श्वास जलद चालतो आणि सारें गणित मोडतें. आतां ही घबराट बहुधा कोठें जन्मते? पाण्यांत नव्हे, नावेवर. मास्क सांपडत नाहीं, एक पंख दुसऱ्याच्याच पिशवींत गेलेला, पट्टा तुटलेला, नाव डोलत आहे आणि सोबती वाट पाहत आहेत. असा मनुष्य पाण्यांत उतरतो तो धापा टाकीतच. पिशवींतील अव्यवस्था अखेर श्वासांत उतरते, एवढें ध्यानीं घेतलें म्हणजे पुढील नियम किरकोळ वाटणार नाहींत.

पहिला नियम असा कीं, जें शेवटीं लागेल तें तळाशीं आणि जें प्रथम लागेल तें सर्वांत वर. नावेवर प्रथम तरंगण्याचें जॅकेट सिलिंडरास बांधून त्यावर रेग्युलेटर चढवितात. नंतर वेटसूट, म्हणजे अंगास घट्ट बसणारा रबरी पोषाख, मग मास्क, आणि अगदीं शेवटीं, पाण्यांत उतरतेवेळीं, पायांचे रबरी पंख. म्हणून भरतांना हा क्रम उलटा करावा. तळाशीं पंख, त्यांवर कठीण डबींत ठेवलेला मास्क, त्यावर घडी केलेला वेटसूट, मग जॅकेट, आणि वर मऊ आवरणांत रेग्युलेटर. रेग्युलेटरच्या नळ्या सैल वेटोळें करून ठेवाव्या, चुरगाळूं नयेत. पूजेस बसण्यापूर्वीं गंध, अक्षता, फुलें, निरांजन हाताशीं मांडून ठेवण्याची आपल्याकडील रीत अशीच आहे. एकदां बसल्यावर उठावयाचें नसतें.

दुसरा नियम ओल्या-कोरड्याचा. सोंवळ्या-ओंवळ्यांत वाढलेल्या घरांस तो समजावून सांगणें नको. पंचा, कोरडे कपडे, औषधें, फोन व कागदपत्रें यांची पिशवी निराळी आणि पाणी न शिरणारी असावी. ओल्या साहित्यास जाळीची पिशवी उत्तम; पाणी निथळून जातें. शिशाचीं वजनें मात्र कोणत्याच पिशवींत वर टाकूं नयेत. तीं वेगळीं न्यावीं व नावेच्या तळाशीं ठेवावीं. एका लहान डबींत मास्कचा एक जादा पट्टा, पंखांचा एक पट्टा व चार ओ-रिंगा असाव्या. ओ-रिंग म्हणजे सिलिंडर व रेग्युलेटर यांच्या सांध्यांतील रबराचें कडें. तें चिरलें तर सांध्यांतून हवा फुसफुसूं लागते आणि एवढ्याशा कड्यापायीं सारी सफर वायां जाते.

तिसरा नियम नावेवरील वर्तनाचा. भरलेला सिलिंडर उभा करून सोडूं नये. तो बांधावा अथवा आडवा ठेवावा. रिकामाच १४ किलोंच्या आसपास भरतो. तो पायावर पडल्यास काय होईल तें सांगावयास नको. आपलें साहित्य आपल्या पिशवीच्या जागेपलीकडे पसरूं नये, आणि वर आल्यावर प्रत्येक वस्तु काढतांच पिशवींत जावी. पाण्याबाहेर असतांना लाइफजॅकेट अंगावर हवेंच. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी नाव उलटून दोन पर्यटक मृत्यु पावले, हें विसरतां कामा नये. धोका केवळ पाण्याखालीं असतो, ही समजूत खरी नव्हे.

आतां वडील मंडळींशीं दोन शब्द. आपल्या एकत्र कुटुंबांत बावीस वर्षांच्या मुलाची पिशवीही आई किंवा काकू भरते. त्यांत माया आहे, आणि शिदोरीच्या लाडवांपुरती ती योग्यच आहे. परंतु बुडीचें साहित्य दुसऱ्यानें भरूं नये. ज्याचा श्वास त्या नळींतून चालावयाचा, त्याच्याच हातांनीं ती तपासली गेली पाहिजे. पाण्यांत अंधुक दिसत असतां कोणता पट्टा कोठें आहे, हें हातास ठाऊक असावें लागतें. तें ज्ञान भरतांनाच हातांत येतें. उतरण्यापूर्वीं जोडीदारानें एकमेकांचीं बकलें, झडपा व दाबमापक तपासण्याचा प्रघात आहे. कोणावर अविश्वास म्हणून तो पडलेला नाहीं; चार डोळे दोहोंपेक्षां अधिक पाहतात एवढेंच. घरच्यांनीं तेंच करावें. यादी कागदावर लिहवून घ्यावी, तिनें पिशवी भरावी आणि आपण यादी मोठ्यानें वाचावी. ‘घेतलें का?’ एवढेंच विचारावें. हात लावूं नये.

यादींत दोन प्रश्न साहित्याबाहेरचेही असावेत. पहिला: नाक चोंदलें आहे काय? सर्दींत कानांवरील दाब जुळत नाहीं, तेव्हां त्या दिवशीं बुडी नको. दमा अथवा हृदयविकार असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय पाऊल टाकूं नये. दुसरा प्रश्न परतीचा. खोल बुडीनंतर रक्तांत विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो निघण्यापूर्वीं उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन दुखणें उद्भवूं शकतें. म्हणून एका बुडीनंतर १२ तास व अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानांत बसूं नये, असा दंडक आहे. मालवणहून लातुराकडे येतांना आंबोली अथवा फोंडा घाट चढावा लागतो. त्याची उंची विमानाइतकी नसली तरी तत्त्व तेंच. शिकलेल्या बुड्याकरानें शेवटची बुडी व प्रवास यांत एक रात्र मुक्कामाची ठेवावी, हें बरें.

मुक्कामीं साहित्य गोड्या पाण्यानें धुवावें. पण तत्पूर्वीं रेग्युलेटरच्या तोंडाचें टोपण कोरडें पुसून बसवावें, नाहीं तर आंत पाणी शिरतें. सावलींत वाळवून, त्याच उलट क्रमानें पिशवी पुन्हां भरावी. यादीचा कागद झांकणाच्या आंतील बाजूस चिकटवून ठेवावा. पुढील सुटींत तो पुन्हां लागेलच.