चापडा त्या बाटलीत नाही

उल्हासनगर-अंबरनाथहून सकाळची कर्जत लोकल पकडायची, बदलापूरला उतरून कोंडेश्वर, नाहीतर वांगणीहून चंदेरी. आपला पावसाळी रविवार ठरलेला. चढताना हाताला लागेल ती फांदी धरायची सवयही ठरलेली! सह्याद्रीच्या अशाच ओल्या रानात, कधीकधी खांद्याच्या उंचीवर, चापडा बसतो. हिरवा, त्रिकोणी डोक्याचा, विषारी. तासन्‌तास हलत नाही, म्हणून दिसत नाही.

त्याचा एक चुलतभाऊ अंदमानात आहे. तोही विषारी, झाडाझुडपांवर राहणारा, पण त्या बेटांबाहेर कुठेच न सापडणारा. डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळग्याने दोघांनाही अंधारात भक्ष्याची ऊब कळते. आणखी एक साम्य म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या प्रतिविषाच्या बाटलीत दोघांनाही जागा नाही.

घोड्यांना विषाचे थोडे थोडे डोस देऊन, त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढतात. आपल्याकडे त्यासाठी चारच सापांचं विष वापरतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सर्वाधिक बळी यांचेच, म्हणून निवड चुकीची नाही. पण अंदमानात घोणस आणि फुरसं नाहीतच, नाग-मण्यारही वेगळ्या जातींचे. तरी बाटली हीच.

आता मुद्द्याचं. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. छान! पण नोंदीत नुसतं ‘साप चावला’ एवढंच लिहिलं, तर चापडा कागदावर येणारच नाही. त्याच्या दंशाने मृत्यू क्वचितच होतो. वेदना आणि सूज मात्र जबर. त्यामुळे त्याच्यासाठी वेगळं प्रतिविष हवंच, असं मी म्हणणार नाही. मात्र साप ओळखला गेला, तर उपयोग नसलेलं प्रतिविष टळू शकतं. त्याची गंभीर ॲलर्जी येऊ शकते, ही गोष्ट आपण विसरतो.

म्हणून चावलाच, तर कापू नका, करकचून बांधू नका. हात-पाय स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा, थेट दवाखाना गाठा. सापामागे धावू नका. लांबून फोटो मिळाला तर घ्या. आणि इन्स्टाआधी तो डॉक्टरांना दाखवा, प्लीज.