ओळखीचा चेहरा आणि आपली खात्री

जानेवारी 2024 मध्ये एका गेमिंग अ‍ॅपची भलामण करणारी आपली चित्रफीत बनावट आहे, असा खुलासा खुद्द सचिन तेंडुलकर यांना करावा लागला, हे वाचकांना स्मरत असेल. ‘असली लबाडी आम्ही तेव्हाच ओळखतो’ असे म्हणणारे घरोघरी भेटतात. या आत्मविश्वासाला आधार किती?

1980 साली यॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातील केवळ डोळे व तोंड उलटे बसवले. (त्यांनी थॅचरबाईंनाच का निवडले, हा भाग वेगळा!) ते चित्र उलटे धरले तर फारसे वावगे वाटत नाही, सुलटे करताच चेहरा भेसूर दिसतो. याचे कारण असे की, चेहरा आपण अवयवागणिक तपासत नाही, समग्र ग्रहण करतो. गर्दीतला परिचित माणूस त्यामुळेच चटकन सापडतो. परंतु एकंदर ठेवण जुळली की मन निश्चिंत होते आणि फसवणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

खोट पकडायची तर नजर चेहऱ्याच्या मध्यावरून हटवावी लागते. दोन्ही बुबुळांतील प्रकाशाचे ठिपके एकमेकांशी जुळतात काय, नाकाची सावली आणि मानेवरची सावली एकाच दिशेला पडते काय, केसांची कड व कानातले दागिने कसे आहेत, हे पाहावे. मार्च 2024 मध्ये केट मिडलटन व त्यांच्या मुलांचे छायाचित्र वृत्तसंस्थांनी मागे घेतले, तेही चेहऱ्यांमुळे नव्हे. मुलीच्या डाव्या हातापाशी बाही नीट जुळत नव्हती.

तथापि या खुणाही आता पुरेनाशा झाल्या आहेत. सोफी नाइटिंगेल व हनी फरीद यांच्या 2022 च्या अभ्यासात खरे आणि संगणकाने रचलेले चेहरे लोकांसमोर ठेवले, तेव्हा अचूक उत्तरे 48 टक्केच आली. नाणेफेकीने याहून वाईट काय साधले असते? खुणा शिकवून, प्रत्येक उत्तराचे चूक-बरोबर सांगूनही मजल गेली 59 टक्क्यांपर्यंत. त्याहून चिंतेची बाब म्हणजे कृत्रिम चेहरे लोकांना सरासरीने अधिक विश्वासार्ह वाटले!

2023 मध्ये कोळिकोडच्या एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याचा चेहरा दाखवून व्हिडिओ कॉलवर पैसे मागण्यात आले. त्यांनी 40,000 रुपये पाठवलेही. पुन्हा मागणी होताच त्यांना शंका आली. सहकाऱ्याच्या जुन्या क्रमांकावर त्यांनी स्वतः फोन लावला, तेव्हा कुठे बिंग फुटले.