प्रेमसंदेशाचा तिसरा वाचक

चिनी माणूस प्रेम बोलून दाखवत नाही, असे विधान सहज केले जाते. त्यासाठी 'हानश्यू' या चिनी संकल्पनेचा, म्हणजे भावना उघड न करता सूचित करण्याच्या रीतीचा, दाखला देण्यात येतो. विधान खोटे नाही; पण ते अपुरे आहे. आजच्या तरुण चिनी जोडप्यांचे मोबाइलवरील संदेश समजून घेताना कोण काय म्हणते एवढे पाहून भागत नाही. तिसरे कोण वाचते आहे, हेही पाहावे लागते.

सूचकतेची परंपरा मोबाइलवर संपली नाही, तिने रूप तेवढे बदलले. ५२० हा आकडा चिनीत 'वू-अर्-लिंग' असा उच्चारतात. तो 'वो आय नी', म्हणजे 'माझे तुझ्यावर प्रेम आहे', या शब्दांच्या जवळ जातो. १३१४ मधून 'जन्मभर' असा अर्थ निघतो. यावरूनच २० मे हा प्रेमिकांचा दिवस ठरला. वीचॅटवर २०१४ पासून 'लाल पाकिटा'तून पैसे पाठवता येऊ लागले आणि ५.२० किंवा ५२० युआन ही रक्कमच वाक्य होऊन बसली. तोंडाने म्हणताना जो संकोच वाटतो, तो आकड्याला वाटत नाही. आनंदवर्धन शिकवणाऱ्यांना व्यंजनेचे हे उदाहरण परके वाटू नये.

पण त्याच वीचॅटवर २०१२ पासून 'मित्रवर्तुळ' आहे. तेथे आईवडील, वर्गमित्र, सहकारी, वरिष्ठ असे सारेच जमलेले असतात. कोणती नोंद कोणाला दिसावी हे ठरवता येते; त्यामुळे दोघांचे छायाचित्र मैत्रिणींना दाखवून आईपासून लपवता येते. नाते जाहीर करण्याला 'ग्वानश्युएन', म्हणजे 'अधिकृत घोषणा', असे म्हणतात. २०१८ मध्ये चाओ लीयिंग आणि फंग शाओफंग या कलावंतांनी याच शब्दाने आपला विवाह जाहीर केला आणि शब्द सर्वतोमुखी झाला. सरकारी सूचनेची भाषा प्रेमात आली. मग घोषणा न करणे यालाही अर्थ चिकटतो: तो मला लपवतो आहे का?

हा तिसरा वाचक सर्वस्वी नवा नाही. लू शुन आणि श्यू ग्वांगपिंग यांनी १९२५ पासून एकमेकांना लिहिलेली पत्रे १९३३ मध्ये पुस्तकरूपाने आली, ती काही खाजगी मजकूर गाळून. मात्र ती दोघे आधी एकमेकांसाठी लिहीत होती; काटछाट नंतर झाली. आता वर्तुळाची अपेक्षा संदेशाच्या आधीच हजर असते.

माझा आक्षेप संयमाला नाही. आकड्यातून व्यक्त झालेले प्रेम कमी खरे नसते. पण २० मे रोजी किती रक्कम आली हे मैत्रिणींना दाखवले जाते, तेव्हा सूचित अर्थ मागे पडून हिशेब उरतो. म्हणून या संदेशांचा विचार करताना 'संस्कृती' आणि 'वर्तुळ' यांची गल्लत करू नये. संस्कृती बोलण्याची रीत देते. वर्तुळ त्या रीतीवर पहारा ठेवते. आपण मात्र पहाऱ्याचा दोषही संस्कृतीच्याच माथी मारतो.