बॉल जॉइंट घरी बदलावा, पण हिशोबाने

पंधरा वर्षे झालेली मोटार विकून नवी घ्यावी, हा सल्ला द्यायला सोपा आहे. दापोडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातले आपले छोटे दुकानदार, शिलाईवाले, लेथवाले आणि फॅब्रिकेशनवाले यांपैकी किती जण तो पाळू शकतात, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. तरीही लोक ती भरतात, कारण नव्या गाडीचा हप्ता त्याहून जड आहे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले. आपल्याच पिंपरीत तयार होणारी इंडिका २०१८ साली, तर ओम्नी २०१९ साली बंद झाली. पण या गाड्या आजही कापडाचे गठ्ठे, मशीनचे सुटे भाग आणि घरची माणसे वाहून नेत आहेत.

गाडी जुनी झाली की गॅरेजचा खर्च वाढतो, आणि मग माणूस स्वतः पाना हातात घेतो. यात काही गैर आहे असे आम्ही मानत नाही. हाताने काम करणाऱ्या समाजाला आपल्या गाडीचे नट-बोल्ट उघडायची लाज कशाला वाटावी? मात्र ऑइल बदलणे आणि पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट बदलणे ही एका मापाची कामे नव्हेत. हे दुसरे काम घरी करायचेच असेल तर बचत मजुरीत करावी. हत्यारात आणि मालात करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बॉल जॉइंट म्हणजे काय, ते आधी पाहू. एका पोलादी वाटीत पोलादी गोळा बसवलेला असतो आणि त्याचा खुंट बाहेर निघालेला असतो. वाटी सहसा चाकामागच्या आर्मला आणि खुंट चाकाच्या नकलला जोडलेला असतो. चाक वर-खाली होते आणि डावी-उजवीकडे वळते, ते या गोळ्यावर. आत ग्रीस आणि वर रबराची टोपी असते. टोपी फाटली की पावसाचे पाणी आणि रस्त्याची धूळ आत शिरते, ग्रीस वाहून जाते आणि गोळा वाटीला खाऊ लागतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या आणि आतल्या गल्ल्यांच्या खड्ड्यांतून वजन घेऊन फिरणाऱ्या गाडीत हे लवकर घडते. खुंट वाटीतून निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला कोसळते, गाडी त्या कोपऱ्यावर बसते आणि स्टिअरिंगचा उपयोग राहत नाही. कापडाची शिवण उसवली तर ती पुन्हा घालता येते. धावत्या गाडीची ही शिवण उसवली तर समोरच्या सायकलवाल्याला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही.

तपासणी मात्र प्रत्येकाने घरी करावी. तिला पैसे लागत नाहीत. खड्ड्यात पुढून ठकठक आवाज येणे, गाडी एका बाजूला ओढणे, टायरची एकच कड झिजणे ही लक्षणे ओळखावीत. चाक अधांतरी करून वर आणि खाली हात धरून हलवावे. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबताच ढिलाई गेली तर दोष बहुधा बेअरिंगचा असतो. राहिली तर बॉल जॉइंटकडे पाहावे. इंडिका किंवा ओम्नीसारख्या, स्प्रिंग शॉकॉबवर बसवलेल्या गाडीत जॅक चॅसिसखाली लावून चाक लोंबते ठेवावे. ज्या गाडीत दोन आर्म असून स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे जॅक त्या आर्मखाली लावावा. एरवी स्प्रिंगच्या दाबाने जॉइंटची ढिलाई झाकली जाते.

आता बदलण्याचे काम. जागा सपाट आणि पक्की हवी. मातीचे अंगण किंवा उताराची गल्ली चालत नाही. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला आणि गाडी गिअरमध्ये. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. गाडी उचलली की चॅसिसखाली लोखंडी घोडी, म्हणजे जॅक स्टँड, बसवलीच पाहिजे, आणि काढलेले चाकही खाली सरकवून ठेवावे. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक या कामाला कधीच वापरू नयेत. ते वाकत नाहीत, एकदम फुटतात.

खुंटाच्या नटाची पिन काढून नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये. दोन-चार आटे अडकलेले राहू द्यावेत, म्हणजे निमुळता खुंट सुटताना आर्म उसळून अंगावर येत नाही. खुंट सोडवायला पुलर वापरावा. गॅसने तापवणे तर नकोच. नकल आणि आर्म यांचे पाणी उतरते आणि ते दिसतही नाही. काही गाड्यांत निमुळत्या खुंटाऐवजी आडवा बोल्ट असतो. तो बसवताना खुंटाच्या खाचेतूनच गेला आहे याची खात्री करावी. इंडिकासारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत नकल फार बाहेर ओढू नये, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा जोड सुटतो. ब्रेकच्या नळीवर तर वजन लोंबू देऊच नये.

नवा जॉइंट बसवताना नट आणि पिन नवीच घ्यावी आणि नट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावा. पिनेचे भोक जुळले नाही तर नट थोडा पुढे आवळावा, मागे सैल करू नये. आर्मचे बुश उघडले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचे आवळावेत. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी आणि शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा पाहावेत.

कुठे थांबायचे, हेही सांगितले पाहिजे. जॉइंट आर्ममध्ये दाबून बसवलेला असेल तर तो हातोड्याने ठोकून बसवू नये. आर्म काढून ज्याच्याकडे प्रेस आहे त्याच्याकडे न्यावा, किंवा पूर्ण आर्मच नवा घ्यावा. स्प्रिंग आर्मवर बसत असेल आणि ती दाबून धरायचे साधन जवळ नसेल तर त्या नटाला हातच लावू नये. मोकळी सुटलेली स्प्रिंग माणूस मारते. असे काम मिस्त्रीचेच आहे आणि त्याची पूर्ण मजुरी द्यावी.

यावर आमचे गॅरेजवाले बांधव विचारतील, की गिऱ्हाईक घरीच काम करू लागले तर आम्ही काय करायचे? प्रश्न रास्त आहे. पण जो गिऱ्हाईक स्वतः गाडीखाली गेला आहे त्यालाच चांगल्या कामाची किंमत कळते. तो घासाघीस कमी करतो आणि योग्य प्रश्न विचारतो. खरे नुकसान होते ते, ज्याला काहीच कळत नाही आणि जो केवळ सर्वांत स्वस्त मजुरी शोधतो त्याच्यामुळे. त्याच्यापायीच एखादा पोरगा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली झोपून काम करतो. दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, भोसरीत रस्ते परिवहनाची केंद्रीय संस्था आहे, आजूबाजूला मोटारींचे भाग बनवणारे कारखाने आहेत. एवढी विद्या शेजारी असताना आपल्या गल्लीत विटा लावून काम चालावे, हे आपल्याला शोभत नाही.

मालाबद्दल कापडवाले म्हणून थोडे सांगतो. ताग्याच्या काठावर नामांकित गिरणीचा शिक्का मारून हलके कापड विकणारे आम्ही पाहिले आहेत. सुट्या भागांच्या बाजारातही तोच प्रकार चालतो. डबा हुबेहूब, आतला माल भलताच. कापड आटले तर गिऱ्हाईक ओरडते, बॉल जॉइंट तुटला तर ओरडायला माणूस उरेलच असे नाही. नाना पेठेत घ्या किंवा इथे घ्या, ओळखीच्या दुकानातून पक्के बिल घेऊनच घ्या. मोठ्या कंपनीच्या मालातही खोट निघू शकते. २००५ साली टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या याच भागातल्या दोषासाठी परत बोलावल्या होत्या. तिथे कंपनीला जाब विचारता आला. बिनबिलाच्या मालाबद्दल आपण कोणाला विचारणार?

कायदाही जाणून घ्यावा. मोटार वाहन कायद्याचे कलम १९० केवळ माहीत असलेल्या दोषाबद्दल नाही. सामान्य काळजी घेतली असती तर लक्षात आला असता अशा दोषाबद्दलही ते चालकाला आणि गाडी चालवू देणाऱ्याला जबाबदार धरते. त्यातून कोणी जखमी झाले तर तुरुंगवासही होऊ शकतो. म्हणजे आपल्या गाडीवर ड्रायव्हर ठेवला म्हणून मालकाची सुटका होत नाही.

आमची एक सूचना आहे. चांगल्या दोन घोड्या, एक टॉर्क पाना आणि एक पुलर एकट्या दुकानदाराला महाग वाटतात, आणि वर्षातून दोनदा वापरायला ते कोण घेणार? पण एका बाजारातल्या दहा दुकानदारांनी वर्गणी काढली तर हा खर्च कोणालाच जाणवणार नाही. हत्यारे एका भरवशाच्या मिस्त्रीकडे ठेवावीत, वहीत नोंद करून न्यावीत आणि पुसून परत आणावीत. पहिल्या वेळी मिस्त्रीला मेहनताना देऊन शेजारी उभे करावे. गिऱ्हाईक शिकेल, मिस्त्रीला मान आणि दाम दोन्ही मिळतील. लग्नकार्याची भांडी आपण अशीच सामायिक ठेवतो. मग ज्यावर माणसाचा जीव टेकलेला आहे त्या घोड्या का ठेवू नयेत? पावसाळ्याआधी प्रत्येक बाजाराने एवढी व्यवस्था करावी, अशी आमची व्यापारी बांधवांना विनंती आहे.